मोहने : काम चालू आहे

सकाळी चहाचा पहिला घोट घेऊन महेंद्र शेजवळने लॅपटॉप उघडला आणि त्याच्या पायाखालची एक पायरी नाहीशी झाली. तसा तो खुर्चीतच बसला होता, वर्तकनगरच्या दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीकडे पाठ करून. पण जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि तिथे सपाट जमीनच निघावी, तेव्हा टाचेपासून टाळूपर्यंत जो दणका जातो, तो त्याला बसल्या जागी बसला. परिसरकोशाच्या साफसफाईच्या पानावर काल संध्याकाळपर्यंत हजारो पानं दुरुस्तीची वाट बघत रांगेत उभी होती. आज तिथे एकच ओळ होती. 'शिल्लक : १.' त्याने चष्मा पुसला. पान पुन्हा उघडलं. एक तो एकच राहिला. एखाद्या लग्नाच्या हॉलवर आपण वेळेवर जावं आणि झाडूवाला खुर्च्या रचत असावा, तसं त्याला झालं.

ठाण्याच्या खाडीपासून कल्याणच्या पलीकडल्या गावांपर्यंत जे जे म्हणून आहे, तलाव, देवळं, विहारं, नाके, मिठागरं, बंद पडलेली थिएटरं, त्या सगळ्यावर कुणीही लिहावं आणि कुणीही दुरुस्त करावं, असा हा इंटरनेटवरचा कोश. लोक त्यात मोठ्या प्रेमाने लिहीत आणि मोठ्या बेफिकिरीने सोडून देत. कुणी ठळक अक्षरं सुरू करी आणि थांबवायला विसरे, मग सबंध परिच्छेद ओरडत सुटे. कुणी कंस उघडी आणि बंद न करताच जेवायला उठून जाई. कुणी तक्ता मांडायला घेई आणि त्याचे रकाने दारू प्यायल्यासारखे उजवीकडे कलत जात. निवृत्तीनंतर माणसं गुडघे दुखवून घेतात, नाहीतर सोसायटीच्या कमिटीवर जातात. महेंद्रने हे धरलं. तो कोशात लिहीत काहीच नसे. उघडे कंस मिटायचे, मथळे सरळ करायचे, दोन शब्दांमधली जास्तीची जागा काढायची आणि खाली नोंद करायची : 'किरकोळ बदल.' एकेक पान, दिवसभर. ह्या वेगाने ते काम त्याच्या हयातीत संपणार नव्हतं, आणि त्याला त्यातलं तेच सगळ्यात आवडत होतं. आयुष्यभर एका मोठ्या कचेरीत त्याने मसुदे नीट केले होते. साहेबलोक काय म्हणायचं ते म्हणत, ते कसं दिसायचं हे महेंद्र ठरवी. समास किती, कलम कुठे आत सरकणार, सहीसाठी किती जागा सोडायची. तीस-पस्तीस वर्षांत त्याच्या हाताखालून माणसांना बढत्या मिळाल्या, रस्ते मंजूर झाले, दोनचार वस्त्या उठल्या, आणि त्यातलं एक अक्षर त्याने वाचलं नव्हतं. वाचलं की चूक दिसत नाही, असं तो नव्या कारकुनांना सांगे. मजकुरात शिरू नका, वरून बघा.

"काय झालं? कुणी गेलं का?" आसावरीने विचारलं. ती मटार सोलत होती. नवऱ्याचा चेहरा न बघताच त्याच्या पाठीवरून बातमी ओळखायची तिला सवय होती.

"संपलं," तो म्हणाला.

"काय?"

"काम."

"मग बरंच झालं. गॅलरीतला नळ गळतोय."

ह्या सगळ्यामागे कोण आहे हे त्याला कळायला वेळ लागला नाही, कारण ह्या सगळ्यामागे तोच होता. हिवाळ्यात डोंबिवलीला कोशाच्या मंडळींचा मेळावा झाला होता. तिथे स्वप्ना नावाची एक चाळिशीची बाई त्याच्या शेजारी येऊन बसली. आयटीत कामाला, डोंबिवलीचीच. "शेजवळ सर, तुम्ही हे सगळं कसं करता, मला नीट सांगाल?" ती म्हणाली, आणि समोरची कॉफी निवेपर्यंत महेंद्र बोलत राहिला. इतकी वर्षं त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं. कंस उघडा राहिला तर काय करायचं, दोनदा तोच दुवा आला तर कुठला ठेवायचा, कुठे हात लावायचा नाही. जुना गवई शिष्याला चीज सांगताना डोळे मिटतो तसे त्याने मधूनमधून डोळेही मिटले. स्वप्ना भराभर टिपून घेत होती. त्याला वाटलं, नव्या मुलांसाठी पुस्तिका निघणार. निघाला सांगकाम्या. कोशावर अशा आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमला सांगकाम्या म्हणतात. सांगितलेलं सगळं करतो, न सांगितलेलं काहीच करत नाही, दमत नाही, रजा मागत नाही. ही व्याख्या वाचली तेव्हा महेंद्रला वाटलं होतं, आपल्या निरोपसमारंभात साहेब आपल्याबद्दल हेच बोलले होते. तर त्या सांगकाम्याने काल रात्रीत सगळा कोश झाडून काढला. महेंद्रने त्याच्या कामाची दहावीस पानं उघडून पाहिली, चूक सापडावी ह्या शुद्ध हेतूने. सापडली नाही. बदलाच्या नोंदीसुद्धा त्याच्याच शब्दांत होत्या. 'किरकोळ बदल.' कुणीतरी आपला शर्ट घालून आपल्याच घरात वावरावं आणि तो त्याला आपल्यापेक्षा चांगला बसावा, तशी एक ओशाळी चिडचिड त्याच्या गळ्याशी आली, आणि चहाबरोबर खाली गेली.

फोन वाजला तो स्वप्नाचाच. "सर, बघितलंत? तुमचे सगळे नियम बसले हो. एक नाही बाहेर राहिला."

"बघितलं. छान झालंय."

"फक्त एक पान अडकलंय. मोहने. त्यावर 'काम चालू आहे' ही पाटी आहे, आणि पाटी असेल तिथे हात लावायचा नाही, हा तुमचाच नियम. पाटी लावलीय पण तुम्हीच. चार वर्षं झाली सर."

"असेल."

"म्हणजे कुठलं काम चालू आहे?"

ह्या प्रश्नाचं उत्तर महेंद्रने खिडकीबाहेर शोधलं. खाली नाक्यावर रस्ता खणून ठेवला होता आणि त्याच्यापुढे पत्र्याची पिवळी पाटी उभी होती : काम चालू आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व. पाटीच्या पायथ्याशी गवत उगवलं होतं आणि एक कुत्रं त्या खड्ड्यात बिऱ्हाड थाटून बसलं होतं. पालिकेबद्दल आजवर त्याने बरंच काही बोलून घेतलं होतं. "आहे चालू," तो म्हणाला. "होईल लवकरच."

"तसं नाही सर, बरेच जण पाट्या लावतात आणि विसरतात. म्हणून आज संध्याकाळपासून जुन्या पाट्या आपोआप निघणार आहेत. दिवेलागणीला सांगकाम्या पुन्हा फिरेल, तेव्हा मोहनेपण होऊन जाईल. तुम्हाला त्रास नको. तसं त्यात काही नाहीये, एक उघडा कंस आहे फक्त. [[भीमाबाई असं काहीतरी. त्या नावाचं पान असेल तर कंस मिटायचा, नसेल तर कंस काढून टाकायचा. तुमचाच नियम. पान नाहीये, तर काढून टाकेल. एक सेकंदाचं काम."

"हो," महेंद्र म्हणाला. "नियम बरोबर आहे."

फोन ठेवल्यावर त्याने मोहनेचं पान उघडलं. तसं ते त्याने चार वर्षांत कितीदा उघडलं होतं याची गणती नव्हती. दुखऱ्या दाताला जीभ लावून बघावी तसं तो मधूनच उघडून बघे आणि मिटे. वर गावाची माहिती सरळसोट होती : उल्हास नदी, आंबिवली स्टेशन, रेयॉनचा कारखाना, तो बंद पडल्याचं साल. आणि त्याखाली, मथळा नाही, विराम नाही, पूर्णविराम नाही, तुळसा नावाच्या कुणा बाईने फोनला तोंडी सांगून लिहवलेला तो तुकडा. 'मोहने आमचा गाव कंपनी आली तवा आमच्या शेतातून रस्ता गेला चाळी झाल्या लांबून लांबून लोक आले वास यायचा सडक्या मुळ्यासारखा पण पगार होता भोंगा झाला का आम्ही भात चढवायचो चाळीत [[भीमाबाई राहायची तिची गाठ कुणाला दिसायची नाय तिचा पोरगा हुशार होता तो'. आणि बस. तो. त्यापुढे पांढरा पडदा.

हे पहिल्यांदा समोर आलं तेव्हा महेंद्र सवयीने वरून बघत होता. विराम नाहीत, मथळा नाही, कंस उघडा, असं मनात म्हणत त्याची बोटं पुढे सरकली आणि मग भीमाबाई ह्या शब्दाशी तो वरून सरळ आत पडला. मुळ्याचा वास आला. वर्तकनगरच्या तिसऱ्या खोलीत, पंख्याखाली, सडक्या मुळ्याचा वास. लहानपणी सगळ्या जगालाच हा वास असतो असं त्याला वाटे. पाचवीत असताना मामाच्या गावी पहिल्यांदा गेला तेव्हा तिथल्या हवेला काही वासच येईना म्हणून तो घाबरला होता. आईच्या पदराला तो वास होता, उशीला होता, भाकरीलाही होता. आई कारखान्यात धाग्याच्या खात्यात होती. धागा फिरत असताना कुठे तुटला की दोन टोकं धरून गाठ मारायची, जास्तीची शेपटं कापायची, आणि धागा पुन्हा चालता करायचा. बोटांच्या टोकांना ॲसिडाने आणि सरावाने इतके घट्टे पडले होते की बोटाला गाठ लागते की नाही हे तिला कळत नसे. म्हणून ती धागा गालावरून ओढून बघे. गालाला लागली तर गाठ वाईट. सोडायची, पुन्हा मारायची. ही सवय ती घरीही आणी. शाळेत जायच्या आधी महेंद्रचा इस्त्रीचा शर्ट ती असाच गालाला लावून बघायची, शिवणीकडून, कॉलरकडून, आणि मग त्याला घाली. वडील, देवराम, रात्रपाळी करून आलेले, भिंतीला टेकून म्हणत, "अगं, त्याला शाळेत पाठवतेस का मखरात बसवतेस?"

एवढं सगळं एका उघड्या कंसातून बाहेर आलं, आणि महेंद्रला पुढे काय करावं ते समजेना. उघड्या कंसाच्या बाबतीत दोनच गोष्टी शक्य होत्या. कंस मिटावा, तर नावाचा दुवा होतो, आणि त्यामागे पान असेल तर तो निळा दिसतो, नसेल तर लाल. त्यावर टिचकी मारली की कोश सभ्यपणे सांगतो, हे पान अस्तित्वात नाही, आपण ते तयार करू शकता. त्याने एकदा नुसता मिटून बघितला होता, जतन न करता. आईचं नाव लालभडक होऊन पडद्यावर उभं राहिलं. अस्तित्वात नाही. त्याने झटक्याने मागे घेतलं. मग कंस काढावा, तर ती इतर शब्दांसारखी काळी होऊन रस्ता, भात, भोंगा यांच्यात मिसळून गेली असती. हे त्याने दुसऱ्यांच्या आयांचं सर्रास केलं होतं. कोण कुठली माणसं, लोक प्रेमाने कंस घालून ठेवायचे, आणि महेंद्र 'लाल दुवा सोडवला' अशी नोंद करून पुढे जायचा. कोशात नाव यायला माणसाने दखल घेण्यासारखं काहीतरी केलेलं पाहिजे, हा नियमही त्यानेच मसुद्यात बसवला होता. बसथांब्याचं उद्घाटन करणाऱ्या माजी नगरसेवकांची पानं त्यात बसत होती, फोटोसकट. तेव्हा ना मिटला, ना काढला. पाटी लावली. काम चालू आहे. आणि खरं पुसाल तर त्याची भीती कंसाची नव्हतीच. कंसाच्या पलीकडे ते 'तो' होतं. तिचा पोरगा हुशार होता, तो. तो काय? तो शिकला आणि ठाण्याला गेला. तो आईला घेऊन गेला आणि तिला गॅलरीतल्या खुर्चीवर बसवलं. तिथे ती दिवसभर पडद्याची किनार बोटांनी चाचपत बसे आणि म्हणे, इथे कशालाच वास नाही रे. तो ती गेल्यावर मोहन्याला फिरकला नाही. तुळसा नावाच्या ह्या बाईने वाक्य अर्ध्यावर सोडलं होतं ते भिडेखातर, याबद्दल महेंद्रच्या मनात शंका नव्हती. आपल्याला नावं ठेवायची म्हणून तिने श्वास घेतला होता, आणि तो श्वास चार वर्षं पडद्यावर थांबला होता.

"मटार खाली सांडलेत, पाय उचला," आसावरी म्हणाली. त्याने पाय उचलले. "आता हे मोहन्याचं काय ते आज करून टाका. चार वर्षं मी बघतेय. पान उघडता आणि मांजराने दूध सांडल्यासारखं तोंड करता."

"तुला कसं कळलं मोहन्याचं आहे?"

"तुम्ही एकीकडे नाकाने वास घेता ना."

त्याने स्वप्नाला परत फोन लावायचं ठरवलं, बोटही ठेवलं. पण बोलायचं काय? एवढं एक पान सोड? का? म्हणजे ह्या एका नावाला नियम लावू नको, कारण ती माझी आई आहे? हे वाक्य इतर सगळ्यांनी त्याला चर्चेच्या पानांवर पाठवलं होतं, नाना तऱ्हांनी, आणि त्या सगळ्यांना त्याने नियमाची तीच छापील ओळ पाठवली होती. सांगकाम्या कुणाची आई ओळखत नाही, तशी महेंद्रनेही ओळखली नव्हती. आता एकच वाट उरत होती, आणि ती इतकी साधी होती की चार वर्षं तिच्यावरून तो चालत नव्हता, याचं त्याला हसू येऊ लागलं. कंसामागे पान नसेल तर नाव जाईल. मग पान लिहावं. आपण ते तयार करू शकता, असं कोश त्याला किती दिवस सांगत होता.

त्याने नवं पान उघडलं. वर नाव लिहिलं : भीमाबाई. आणि पहिलं वाक्य टंकलं. 'श्रीमती भीमाबाई देवराम शेजवळ ह्या मौजे मोहने, तालुका कल्याण येथील रहिवासी असून त्या कारखान्यात कार्यरत होत्या.' समास बरोबर होता, विराम जागच्या जागी होते. वाक्य इतकं सरळ होतं की त्यात आई कुठेच नव्हती. जणू तिला रहिवासाचा दाखला देऊन वाटेला लावलं होतं. त्याने ते पुसलं. दुसरं लिहिलं, तेही तसंच निघालं. ज्या हातांनी आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं सरळ केली त्यांना एक वाकडं वाक्य लिहिता येईना. शिवाय संदर्भ पाहिजे. पुस्तक नाही, वर्तमानपत्र नाही. तोंडी सांगितलेली माहिती कोशात चालते, पण सांगणारा त्या गावचा पाहिजे आणि नातेवाईक असता कामा नये. हा नियम कुणी केला, हे पुन्हा सांगायला नको. म्हणजे आपल्या आईबद्दल आपणच साक्ष देऊ शकत नव्हतो. साक्ष द्यायला मोहन्याचं दुसरं कुणीतरी हवं होतं, आणि ते कोण हे त्याला मघापासून माहीत होतं.

तुळसाने कोशातल्या स्वतःच्या परिचयपानावर आपला फोन नंबर ठेवला होता. लोक असं करतात. महेंद्रने तो नियमाप्रमाणे काढून टाकला होता, 'वैयक्तिक माहिती काढली' अशी नोंद करून. पण कोशात काढलेलं काही जात नाही, मागच्या पानांच्या इतिहासात सगळं पडून असतं. त्याने इतिहासात शिरून आपणच पुसलेला नंबर शोधून काढला. आयुष्यात पहिल्यांदाच तो स्वतःची साफसफाई उलटी करत होता. आसावरी मटाराचं भांडं घेऊन आत गेली आणि जाता जाता दार पुढे ओढून गेली, पुरतं लावलं नाही.

"कोन?"

"मी... महेंद्र बोलतोय. ठाण्याहून. महेंद्र शेजवळ." पलीकडे कोंबड्यांचा आवाज. "भीमाबाईचा."

कोंबड्याच बोलत राहिल्या थोडा वेळ. मग एकदम, "आरं देवा! म्हेंदर? त्यो सायकलचा?"

"सायकलचा म्हणजे?"

"आरं मी तुलशी! खालच्या आलीची. आमच्या इहिरीशी तू सायकलीवरनं पडलास ना, आमच्या म्हशीनं तुला चाटलंन ते! इसरलास?"

तो विसरला होता. म्हणजे म्हैस अजूनही कुठेतरी त्याच्या गुडघ्याशी उभी होती, खरखरीत गरम जीभ, पण तिच्या मागे उभी असलेली, पोट धरून हसणारी परकरी पोरगी त्याच्याकडून सुटून गेली होती. ती आता पलीकडे तशीच हसत होती. तिची नात करिश्मा कॉलेजात आहे, तिने हा खेळ शिकवला, फोनला सांगायचं आणि तो लिहितो, असं तुळसाने सांगितलं. "करिश्मा बोल्ली, आजी, नावाच्या पुढं मागं दोन दोन कंस घातलं का त्या नावामागं खोली निंगते. मंग मी तुज्या आयेला घातलं."

"पण मागचे घातले नाहीत."

"घालनारच होती. दूध उतू गेलं."

"दूध?"

"आरं दूध चुलीवर ठेवलंवतं ना. वास आला तशी पलाली. मंग राह्यलं ते राह्यलं."

महेंद्र हसायला लागला. "आणि ते शेवटी, 'तिचा पोरगा हुशार होता तो'... तो काय? पुढे काय लिहायचं होतं?"

"तो काय, तो म्हशीनं चाटला. त्येच सांगाचा व्हता. गावात ज्याला त्याला सांगतंय मी." मग ती म्हणाली, "का रं? तुला का वाटलं?"

"काही नाही."

"मना वाटलं तू सायब जालास, फोन नाय, काय नाय. जाऊ दे. आयला घेऊन गेलास ना सोबत, बरा केलास. हितं चाळीत काय उरलंय."

मग त्याने विचारायचं ते विचारलं. आईबद्दल तुला काय आठवतं, कोशात लिहायचंय, तुझं नाव साक्षीला घालीन. तुळसाला साक्षीची भूक बऱ्याच दिवसांची असावी. कारखान्यात एकदा लांबलचक संप झाला तेव्हा चाळीतल्या चुली थंड पडल्या, हे महेंद्रला माहीत होतं. त्या दिवसांत आई दुपारची कुठे जायची हे त्याला माहीत नव्हतं. ती खालच्या आळीत जायची. तुळसाचा बाप नदीत जाळं टाकायचा, ते फाटून पडलं होतं. भीमाबाईने ओट्यावर बसून ते शिवलं, कारखान्याच्या गाठीने. ती गाठ पाण्यात सुटेना आणि माशालाही कळेना. मग आळीतली सगळी जाळी तिच्याकडे. बदल्यात मासळी, तांदूळ. महेंद्रला संपातले मासे आठवले. रोज मासे कसे येतात हे त्याने कधी विचारलं नव्हतं, वरून खाल्ले होते. "तिनं आमाला शिकवलंन, बायांना," तुळसा म्हणाली. "गाठ मार, गालाला लाव. लागली तर सोर. आता जालं कुठं आन् नदी कुठं. पन गणपतीला करिश्मा वेणी गुंफते ना, तवा मी बोलते, भीमाबाईची गाठ घाल, सुटाची नाय. तिला काय ठाव भीमाबाई कोन. तिला वाटतं गाठीचाच नाव हाय."

महेंद्रने खिडकीबाहेर पाहिलं. खड्ड्यातलं कुत्रं उठून अंग झटकत होतं. "पुन्हा सांग," तो म्हणाला.

"काय?"

"शेवटचं."

तिने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. ठाणं लांब आहे असं तिला वाटत असावं. आणि वर, "ये कवातरी. म्हस मेली ती, पन दुसरी हाय."

फोन ठेवल्यावर त्याने लिहायला घेतलं आणि त्याची बोटं प्रथमच नियमांच्या पुढे धावली. मुळ्याचा वास आधी आला, मग गाल, मग जाळं, मग वडिलांचं मखर, मग पुन्हा जाळं. एक वाक्य दुसऱ्याच्या अंगावर पडत होतं. ठळक अक्षरं सुरू केली ती थांबवायची राहिली. कंस उघडला आणि त्यातच दुसरी गोष्ट आठवली. मोहन्याच्या एका आळीत एका गाठीला तिचं नाव आहे, हे वाक्य त्याने दोनदा लिहिलं, दोन वेगळ्या ठिकाणी, आणि दोन्हीकडे राहू दिलं. दखलीच्या नियमाला एवढं पुरे होतं. खाली संदर्भ : तुळसा, खालची आळी, मोहने, तोंडी सांगितल्याप्रमाणे. नातेवाईक साक्षीदार चालत नाही, पण नातेवाईकाने लिहू नये असा नियम कोशात नव्हता. तो करायचं महेंद्रला कधी सुचलंच नव्हतं. असं कुणाचं पोरगं कधी लिहायला बसेल, असा प्रसंग त्याच्या डोळ्यांपुढे आला नव्हता. आतून फोडणीचा वास आला. त्याने पुन्हा वाचून बघितलं नाही. वाचलं असतं तर सगळं सरळ केलं असतं, आणि सरळ केलं असतं तर पुन्हा रहिवासाचा दाखला झाला असता. जतन केलं. मग मोहनेच्या पानावर जाऊन त्याने पाटी काढली. पाटीखाली गवत नव्हतं, पण त्याला ते उपटल्यासारखं वाटलं. उघडा कंस त्याने तसाच ठेवला.

आसावरीने जेवायला हाक मारली, तो जेवला. काय जेवला हे त्याला सांगता आलं नसतं. दुपारी नळ दुरुस्त करायला घेतला आणि आणखी गळायला लावला. "चला, निदान काम चालू आहे," आसावरी म्हणाली. ऊन गॅलरीतून मागे सरकत गेलं, समोरच्या इमारतीतल्या पोरांनी सायकली काढल्या, आणि दिवे लागायच्या सुमाराला तो पुन्हा पडद्यासमोर येऊन बसला, परीक्षेच्या निकालाला बसावं तसा. सांगकाम्या आला. येतो म्हणजे काही दिसत नाही, पानाच्या इतिहासात एक ओळ वाढते एवढंच. मोहनेच्या पानावर ओळ वाढली. त्याने उघडून पाहिलं. [[भीमाबाई]]. मागे दोन कंस आले होते, नीट, शेजारच्या अक्षराला न लागता. नाव निळं झालं होतं. तिच्यामागे खोली निघाली होती. 'तो' जिथे होता तिथेच होता, त्यापुढची म्हैस अजून कुणी लिहिली नव्हती. मग त्याने आईचं पान उघडलं. तिथेही सांगकाम्या येऊन गेला होता. महेंद्रची ओरडत सुटलेली ठळक अक्षरं जिथे थांबायला हवी तिथे थांबवली होती, कंस मिटला होता, दोन शब्दांमधली जास्तीची जागा काढली होती. मजकुराला हात लावला नव्हता. दोनदा लिहिलेलं वाक्य दोन्ही ठिकाणी होतं. खाली नोंद : 'किरकोळ बदल.'

आजवर दुसऱ्यांच्या पानांवर त्याने हे दोन शब्द किती वेळा लिहिले होते. ज्यांच्या पानांवर लिहिले त्यांना ते कसे लागत असतील याचा त्याला विचार करावा लागला नव्हता. शाळेत निघालेल्या पोराची कॉलर कुणीतरी पाठीमागून सारखी करावी, काही न बोलता, आणि तो दारातून बाहेर पडावा, तसे ते लागले. त्याने बोट पडद्यावर ठेवून त्या ओळीवरून फिरवलं. कंस कुठे मिटला ते बोटाला कळेना. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाचं बोट, त्यात टायपिंगने घट्ट झालेलं, त्याला काय कळणार. त्याने मागे वळून पाहिलं. मग पुढे वाकून आपला गाल पडद्याला लावला आणि हळूच डावीकडून उजवीकडे नेला. काच कोमट होती. काही लागलं नाही.

"ऐकू येत नाहीये का?" दारातून आसावरी म्हणाली. "आवाज खालून येतो त्यात, कडेला जाळी आहे बघा."

"ऐकत नाहीये," तो तसाच वाकलेला म्हणाला. "गाठ बघतोय."